ऱ्हिआनन म्हणजे नुसती राणी नव्हे

वेल्श मुलींच्या नावांत ऱ्हिआनन हे माझं आवडतं नाव. इंग्रज त्याचं नुसतं 'रिआनन' करतात. पण वेल्शमध्ये तिथे जोरात श्वास सोडून म्हटलेला र आहे. आपल्या ऱ्हासातला ऱ्ह त्याला बराच जवळचा. अर्थ विचाराल, तर भाषातज्ज्ञ हे नाव 'रिगांतोना' या जुन्या रूपापर्यंत मागे नेतात, म्हणजे थोर राणी. त्यातला 'रिग' आणि आपली संस्कृतातली 'राज्ञी' एकाच मुळातले.

नावांच्या याद्या इथेच थांबतात, आणि माझी तक्रार तीच आहे.

'माबिनोगी' या मध्ययुगीन वेल्श कथांत ही ऱ्हिआनन येते ती पांढऱ्या घोड्यावरून. घोडा आपला सावकाश चाललेला, पण पाठलाग करणाऱ्या एकालाही तिला गाठता येत नाही. शेवटी डवेडचा राजा थांबण्याची विनंती करतो, तेव्हा ती लगेच थांबते आणि वर सुनावते, की हे आधीच विचारलं असतं तर घोड्याचे हाल वाचले असते! पुढे लग्न होतं, मुलगा होतो आणि जन्मल्या रात्रीच नाहीसा होतो. राखणीच्या सहा बायका झोपलेल्या. आपल्यावर बालंट नको म्हणून त्या कुत्र्याच्या पिल्लांचं रक्त झोपलेल्या आईच्या तोंडाला फासतात. शिक्षा सात वर्षांची. वाड्याबाहेर बसायचं, येणाऱ्या परक्याला आपला 'गुन्हा' स्वतः सांगायचा, आणि पाठीवर बसवून आत नेऊ का, असं विचारायचं. मूल सापडल्यावर 'चिंता मिटली' अशा अर्थाचं ती बोलून जाते, आणि त्यावरूनच मुलाचं नाव पडतं प्रडेरी. 'प्रडेर' म्हणजे चिंता.

वेल्समध्ये हे नाव विसाव्या शतकात ठेवलं जात होतंच. कादंबरीकार ऱ्हिआनन डेव्हिस जोन्स यांचा जन्म १९२१ चा. वेल्सबाहेर ते घरोघरी गेलं मात्र फ्लीटवुड मॅकच्या १९७५ च्या गाण्यामुळे. गाणं लिहिणाऱ्या स्टीव्ही निक्सला ते एका कादंबरीत सापडलं होतं. मूळ कथा तेव्हा तिला ठाऊकही नव्हती. असू दे. सिनेमातल्या नायिकेवरून नाव ठेवलेल्या मुली माझ्याही हजेरीपटावर भरपूर असत. कानाला गोड लागलं, ठेवलं, यात वावगं काही नाही.

पण मुलगी जरा जाणती झाली, की 'तुझ्या नावाचा अर्थ राणी' एवढ्यावर तिची बोळवण करू नये. तिला ती वाड्याबाहेरची जागा सांगावी. आणि हेही सांगावं, की तिच्या पाठीवर बसायला येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी तयार होत असे.