उमेदवारी

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील एक प्रसंग प्रारंभीच नमूद करतो. तो मला भूषणावह नाही. परंतु या लेखाचा उगमच त्यात असल्यामुळे तो टाळून पुढे जाता येत नाही.

महाप्रसादाची पंगत उठत आली होती. जळगावकडील एक तरुण, नुकताच येथील विद्यापीठात मास्टर्सच्या अभ्यासक्रमासाठी दाखल झालेला, रिकामी ताटे उचलण्यास मदत करीत होता. काम आटोपल्यावर तो मजजवळ आला आणि बऱ्याच संकोचाने म्हणाला, "काका, तुमच्या कंपनीत आमच्यासारख्यांना इंटर्नशिप मिळते का?" मी अशा वेळी द्यावयाचे ठरीव उत्तर दिले. "सी.व्ही. पाठवून दे, बघू." त्याने तो त्याच रात्री पाठविला. मी तो उघडला डिसेंबरात. तोवर आमच्या विभागातील उन्हाळी जागांसाठी अर्ज घेण्याची मुदत संपून तीन आठवडे लोटले होते. तसे त्याला कळविले, क्षमाही मागितली. तो रागावला नाही. रागावण्याइतकी आमची ओळखच नव्हती.

इंटर्नशिप या शब्दाला आपल्या भाषेत पूर्वीपासून एक चांगला शब्द होता, तो म्हणजे उमेदवारी. आता तो निवडणुकांनी पळविला आहे, आणि उमेदवार म्हटले की हात जोडून मते मागणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीत तरुण मुलगा मामलेदार कचेरीत किंवा एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करी; म्हणजे नकला उतरून काढी, दप्तर लावी, साहेबाचा स्वभाव ओळखी, आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. पगार बहुधा नसेच. शब्दात उमेद आहे खरी, परंतु त्या उमेदीच्या आधारावर दुसऱ्याला फुकट राबवून घेण्याची सोयही त्यातच आहे. हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवूनच पुढचा विचार करावा लागेल.

आपण ज्या गावात राहतो त्या लिमरिकनेही विद्यापीठासाठी फार दीर्घ उमेदवारी केली आहे. १८४५ मध्ये आयर्लंडात नवी क्वीन्स कॉलेजे काढावयाचे ठरले, तेव्हा ती बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे या शहरांना मिळाली. लिमरिकच्या वाट्यास काही आले नाही. १९५९ साली येथील नागरिकांनी समिती स्थापून पुन्हा मागणी लावून धरली. अखेर १९७२ मध्ये प्लासी येथे नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हायर एज्युकेशन सुरू झाली, आणि १९८९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. (प्लासी हे नाव वाचून आपणांपैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी अस्थानी नाही. रॉबर्ट क्लाइव्हला आयर्लंडातील सरदारकी मिळाली ती याच नावाने. ज्या लढाईने बंगाल गेला, तिचे नाव धारण करणाऱ्या आवारात आज आपली मुले शिकतात. इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.)

या संस्थेचे पहिले प्रमुख एडवर्ड वॉल्श अमेरिकेतील अध्यापनाचा अनुभव घेऊन आले होते. येताना त्यांनी जी कल्पना येथे रुजविली ती मूळची अमेरिकेचीच. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये तिचा आरंभ केला होता. विद्यार्थ्याने पदवीच्या काळातच काही महिने प्रत्यक्ष कारखान्यात वा कचेरीत काम करावे आणि ते काम अभ्यासाचाच भाग समजले जावे, अशी ती योजना. येथे तिला कोऑपरेटिव्ह एज्युकेशन म्हणतात. मुले नुसते 'कोऑप' म्हणतात. बहुतेक पदवी-अभ्यासक्रमांत सहा ते आठ महिन्यांची ही उमेदवारी असते. तिच्यासाठी विद्यापीठाचे स्वतंत्र खाते आहे, ते मालकवर्गाशी संबंध ठेवते. विद्यार्थी अर्ज करतो, मुलाखत देतो, काम करतो, अहवाल लिहितो. वशिल्याचा प्रश्न बव्हंशी उद्भवतच नाही, कारण दार ठोठावण्याचे काम संस्थेने आपल्या अंगावर घेतलेले असते. या व्यवस्थेचे खरे मोल त्यातच आहे, असे माझे मत आहे.

आता आपल्या समाजाकडे पाहू. येथे स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील पालकांचा या कोऑपविषयीचा दृष्टिकोन मला अनेकदा चमत्कारिक वाटतो. मुलाला टिपररीतील एखाद्या लहान कारखान्यात जागा मिळाली की घरात सुतकी वातावरण पसरते. "आठ महिने फुकट गेले" हे वाक्य मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. कंपनीचे नाव भारतातील नातेवाइकांना ठाऊक असले पाहिजे, ही त्यामागील खरी अट असते. मोठ्या नावाची पाटी म्हणजे सुरक्षितता, हा आपला समज या गावाने तरी सोडावयास हवा होता. डेल कंपनीने १९९१ पासून येथे संगणक जुळविले. लिमरिकची ती केवढी प्रतिष्ठा! आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनीने ते उत्पादन पोलंडात हलविण्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे १,९०० नोकऱ्यांवर पाणी पडले. लहान कारखान्यात उमेदवारी करणाऱ्याला खरेदीपासून यंत्रदुरुस्तीपर्यंत सर्व काही जवळून पाहावयास मिळते. मोठ्या ठिकाणी कित्येकदा आठ महिने एकाच तक्त्यात आकडे भरण्यात जातात. माझी स्वतःची कन्या पंधरा माणसांच्या एका कारखान्यात उमेदवारी करून आली. त्या वेळी मीही तोंड पाडून बसलो होतो, हे कबूल करतो.

तथापि या मुलांची मला फारशी चिंता नाही. त्यांच्यामागे विद्यापीठाचे खाते आहे, घर आहे, आईच्या हातचा डबा आहे. चिंता आहे ती जळगावच्या त्या तरुणाची. आपल्याकडून येणारे बहुसंख्य विद्यार्थी येतात ते एका वर्षाच्या मास्टर्ससाठी, आणि अशा अल्प मुदतीत दीर्घ कोऑप बहुधा बसत नाही. बँकेचे कर्ज डोक्यावर असते. त्यासाठी कित्येकदा घर किंवा शेत तारण असते. कायद्याप्रमाणे सत्र चालू असता आठवड्याला वीस तास आणि ठरलेल्या सुट्ट्यांत चाळीस तास काम करण्याची मुभा त्यांना आहे. २०२५ च्या किमान वेतनाने, म्हणजे ताशी १३.५० युरोने, वीस तासांचे २७० युरो होतात. लिमरिकमधील खोलीभाडे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी उरलेला हिशेब स्वतः करावा. पदवी हाती पडल्यावर मास्टर्सच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत राहून नोकरी शोधता येते. दोन वर्षे ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु त्यांतील पहिले वर्ष या देशात अर्ज कसा लिहितात हे कळण्यातच निघून जाते.

शिष्यवृत्त्या नाहीत असे नाही. आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. तीत एका वर्षाची फी माफ होऊन वर दहा हजार युरो मिळतात. संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन जुन्या संस्थांचे एकीकरण होऊन निर्माण झालेली टाइड एरन, म्हणजेच रिसर्च आयर्लंड, ही संस्था आहे, आणि तिची पीएच.डी.ची वृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे. मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापिलेला निधी आजही परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ वृत्ती देतो. हे सर्व ठाऊक असलेली माणसे आपल्यांत आहेत. ठाऊक नसलेली मुलेही आपल्यांतच वावरतात. या दोघांची गाठ पडते ती महाप्रसादाच्या रांगेत, आणि तेथे आपण "बघू" म्हणतो.

शिकणाऱ्याला आधार देण्याच्या रीती आपल्याकडे काही कमी नव्हत्या. पेशवाईत श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा ही शास्त्रीपंडितांची वृत्तीच होती; इंग्रजी अमलात त्याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तसे फेलो होते. फेलोशिप हा शब्द आपल्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे तो असा. गरीब विद्यार्थ्यांसाठी पुण्यासारख्या शहरांत वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांत सात वार ठरत, आणि मुलगा शिकून मोठा होई. कोणाही एका घरावर भार पडत नसे.

या वारांचे गोडवे गाण्याची आपली प्रथा आहे. मी ते अर्धेच गाईन. दक्षिणा असो वा वार, तो आधार मुख्यतः एका जातीपुरता होता; आणि पानावर बसलेल्या मुलाला, आपण कोणाच्या तरी मेहेरबानीवर जेवत आहोत, याची आठवण करून देणारी घरेही होती. ज्यांना त्या ओसरीवर पायच ठेवता येत नव्हता त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांना वसतिगृहे काढावी लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठविले. विद्या घेऊन ते १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. वृत्ती देणारा राजा होता. दार उघडणारे घर नव्हते.

यावर सर्वांत ठाम उत्तर शोधले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव फिरलेला हा मनुष्य. त्याने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह काढले, आणि १९४७ मध्ये तेथेच शिवाजी कॉलेज सुरू केले. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, विहिरी खणाव्या आणि त्या श्रमावर शिकावे. कोणाचे उपकार नकोत. 'कमवा व शिका' हे त्या योजनेचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. सातारा आणि लिमरिक यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसता, काम हा शिक्षणाचाच भाग आहे, या एका मुद्द्यावर दोन्ही गावे येऊन पोहोचली, याचे मला नेहमी नवल वाटते. भेद इतकाच की, साताऱ्यात श्रम शिक्षणाचा खर्च भागवीत आणि येथे श्रम हेच शिक्षण होते. गोदामात रात्रपाळी करणारा आपला विद्यार्थी कमावतो व शिकतो खरा. परंतु त्याचे कमावणे एकीकडे आणि शिकणे दुसरीकडे राहते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ती जुनी वारांची पद्धत आपण येथे पुन्हा सुरू करावी, मात्र जेवणासाठी नव्हे. येथे पंधरा-वीस वर्षे काढलेल्या प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचा एक वार, एक संध्याकाळ, एका विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. त्याचा अर्ज वाचावा. चार पानी सी.व्ही. दोन पानांवर आणावा. मुलाखतीचा सराव घ्यावा. "तुमच्या चुकीबद्दल सांगा" असे येथील अधिकारी विचारतात तेव्हा आपली मुले गडबडतात, कारण चूक कबूल करणे म्हणजे नापास होणे, हेच त्यांना शिकविलेले असते. ते कसे बोलावे हे सांगावे. कोणत्या कंपनीत उन्हाळ्याच्या जागांचे अर्ज शरदातच घेतात, उमेदवारी अभ्यासक्रमाचा भाग असेल तर व्हिसाचे नियम काय म्हणतात, बिनपगारी कामाचे आमंत्रण आले तर नकार कसा द्यावा, या गोष्टी कोठल्याही पुस्तकात एकत्र सापडत नाहीत. त्या आपल्या डोक्यात आहेत, आणि दिल्याने आपले काही कमी होत नाही.

हा वशिलाच नव्हे काय, असा आक्षेप एका स्नेह्यांनी घेतला. नव्हे. वशिला लावणारा मनुष्य दुसऱ्याची पायरी ओलांडून आपल्याला पुढे ढकलतो. मी मागतो आहे ती पायरी दाखविण्याची तसदी. ज्याचा बाप अभियंता आहे त्याला ती जेवताना घरातच मिळते. जळगावच्या शेतकऱ्याच्या मुलाने ती कोठून आणावी? दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : हे केवळ मराठी मुलांसाठीच का? माझे उत्तर असे की, केवळ मराठी मुलांसाठी असू नये. एका जातीपुरत्या ओसऱ्यांचा परिणाम आपण भोगून चुकलो आहोत. केरळचा, तेलंगणाचा, नायजेरियाचा विद्यार्थी दारी आला तर तोही आपल्या वाराचा मानकरी. आणि विद्यार्थ्यांनीही हे उपकार समजून वाकू नये. त्याने आमच्या मुलांचे गणित घ्यावे किंवा उत्सवाचे हिशेब लिहावेत.

जळगावच्या त्या तरुणाला पुढे काम मिळाले, परंतु ते त्याच्या विषयातील नव्हे. परवा तो नदीवरील लिव्हिंग ब्रिजवर भेटला तेव्हा त्याची पदवी पुरी झाली होती आणि दोन वर्षांतील पहिले काही महिने उलटले होते. मी त्याला गुरुवारी घरी बोलाविले आहे. यंदा उत्सवमंडपाच्या प्रवेशद्वारापाशी मेजावर एक वही ठेवण्यास कार्यकारिणीने अनुमती दिली आहे. तीत सात वार आखले आहेत. गुरुवारपुढे माझे नाव लिहिले आहे. बाकीचे सहा तूर्त कोरे आहेत.