घरच्या यंत्रांची निगा : जुन्या मोटारीचा तेलदाब

वडीलधाऱ्यांनीं हौसेनें घेतलेली अँबेसडर मोठ्या कुटुंबांत पुष्कळदां कोणाच्याच वांट्यास येत नाहीं आणि कोणाच्यानें विकवतहि नाहीं. आमच्या घरींहि तसेंच झालें. तीर्थरूपांची गाडी अकरा वर्षें परसांतील छपराखालीं उभी होती. गेल्या वसुबारसेस मुलांच्या आग्रहावरून आम्हीं ती सुरू केली. इंजिन लागलें, टाळ्या वाजल्या. पण तेलदाबाचा दर्शक धोक्याचीच खूण दाखवीत राहिला. बोलाविलेल्या कारागिरानें क्षणभर कान देऊन निकाल सांगितला कीं, इंजिन संपलें; सगळें उघडा, नाहीं तर भंगारांत द्या. ही गाडी वीस वर्षें चालविणारे आमचे काका त्या रात्रीं जेवले नाहींत.

अशा प्रसंगीं पहिला नियम हा कीं, इंजिन तात्काळ बंद करावें. फिरता क्रँकशाफ्ट व त्याचीं बेअरिंगें यांमध्यें तेलाचा पातळ थर असतो. तो नाहींसा झाला कीं, धातु धातूस खातो. दुसरी गोष्ट, पंप केवळ तेल ढकलतो. दाब उत्पन्न होतो तो तेलाच्या वाटेंतील अडथळ्यामुळें. म्हणून दाब कमी दिसला तर कारणें चारच : दर्शक खोटा, तेल पातळ, पंपास तेल अपुरें, किंवा तेलास भलतीच मोकळी वाट. यांचा शोध स्वस्ताकडून महागाकडे न्यावा.

आम्हीं प्रथम तेल मोजण्याची पट्टी काढली. पातळी ठीक होती. तिला पेट्रोलचा वास येता, तर तें झिरपून तेल पातळ झालें असें समजलों असतों. तसा वास नव्हता. तरी जुनें तेल टाकून योग्य प्रतीचें नवें भरलें व गाळणहि बदललें. मग इंजिनावरील तेलदाबाचा स्विच काढून त्या जागीं कारखान्यांत वापरतात तें कांट्याचें दाबमापक बसविलें. बिघाड पुष्कळदां स्विचमध्येंच निघतो. आमचा दर्शक मात्र खरें बोलत होता. दर चौरस इंचास दहा पौंडांवर कांटा चढेना.

येथें एक लक्षण फार उपयोगी पडतें. बेअरिंगें झिजलीं असतील तर गार इंजिनावर दाब बरा दिसतो व तापल्यावर, तेल पातळ होतांच, घसरतो. बहुधा खालून जड ठोकाहि ऐकूं येतो. आमच्याकडे दाब गार असतांनाच कमी होता आणि ठोका मुळींच नव्हता. संशय रिलीफ व्हॉल्व्हवर गेला. दाब प्रमाणाबाहेर वाढला कीं, जादा तेल परत सोडणारा हा दट्ट्या या १,४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत डाव्या अंगास मागें, घुमटाकार नटाखालीं असतो. नट काढला, तों वाळून डिंकासारख्या झालेल्या तेलानें दट्ट्या उघडाच चिकटलेला! तो पुसून, स्प्रिंग तपासून, नवे वॉशर घालून बसविला. तापलेल्या इंजिनावर, वेग दिल्यावर, कांटा पन्नासाजवळ स्थिरावला. मंद गतीवर अठरा. एवढा दाब या इंजिनास पुरेसा आहे. तो न वाढता, तर पुढें तळाची टांकी उतरून आंतील जाळी व पंप पाहिला असता. बेअरिंगें सर्वांत शेवटीं.

एक चूक मात्र आमचीच होती. दीर्घकाळ निजलेली गाडी एकदम सुरू करूं नये. आधीं तेल बदलावें, स्पार्क प्लग काढावे आणि दाब दिसेपर्यंत इंजिन थोडें थोडें थांबत स्टार्टरनें फिरवावें. म्हणजे बेअरिंगें कोरडीं फिरत नाहींत. वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या वस्तूचा दोष पुष्कळदां झिजण्याचा नसून पडून राहण्याचाच असतो.

भाऊबीजेस काका त्याच गाडींतून आत्याबाईंकडे गेले. परत आल्यावर त्यांनीं प्रथम तेलाची पट्टी काढून पाहिली, मग चहा घेतला.