विमानाच्या सुट्या भागांचा हिशेब

१९९३ साली आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांनी कृष्णेच्या पाण्याचा हिशेब मागितला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखालील त्या चळवळीने ‘पाणी द्या’ एवढेच म्हटले नाही; आलेले पाणी कोणाच्या वाट्याला किती, हेही विचारले. त्याच आटपाडीचा शेतकरी काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरतो आणि त्या करातून हवाई दलाची विमाने उडतात. मग विमानांच्या सुट्या भागांचा हिशेब त्याने का मागू नये?

हा प्रश्न काढताच ‘राष्ट्राची सुरक्षितता’ पुढे केली जाते. युद्धाच्या योजना गुप्त असाव्यात, याविषयी वाद नाही. परंतु एका खिळीची किंमत हे कोणते लष्करी रहस्य? २०१९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी ट्रान्सडाइम या कंपनीचे ४७ सुटे भाग तपासले. त्यांपैकी ४६ भागांवर अवाजवी नफा घेतलेला आढळला. रक्कम १ कोटी ६१ लाख डॉलर. संसदीय समितीने जाब विचारल्यावर कंपनीने ती परत केली. या किमती छापल्या गेल्या म्हणून अमेरिकेचे एकही विमान कोसळले नाही.

आपल्याकडचे दुखणे केवळ किमतीचे नाही. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा आहे. तेथे मिग बनली, पुढे सुखोई बनली. पण अनेक भागांसाठी मॉस्कोकडे डोळे लावणे संपले नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा धडा मिळाला होता. २०२२ च्या युक्रेन युद्धाने तोच पुन्हा गिरवायला लावला. सुखोई विमानांपैकी ७५ टक्के उड्डाणास सज्ज असावीत असा दंडक असता प्रत्यक्षात ५५ ते ६० टक्केच सज्ज होती, असे महालेखापरीक्षकांनी २०१५ साली नोंदविले. शेकडो कोटींचे विमान एका भागावाचून जमिनीवर उभे राहते, तेव्हा तो खर्च कोणाच्या खाती मांडायचा?

अशा वेळी ‘आणखी निधी द्या’ ही एकच आरोळी उठते. गळक्या पाटात आणखी पाणी सोडण्यासारखेच हे आहे! आधी खर्चाचे पृथक्करण हवे. कोणता भाग, कोणाकडून, कोणत्या दराने, किती दिवसांनी आला. कोणत्या भागाचा पुरवठादार एकच आहे. भांडारात काय पडून आहे आणि धावपट्टीवर काय अडले आहे, याची एक खतावणी हवी. ती नसेल तर मक्तेदाराने सांगितलेला भाव हाच भाव ठरतो. स्वदेशी भागांच्या याद्या निघाल्या, हे योग्यच. परंतु कोल्हापूर-सांगलीच्या लेथवरील कुशल कामगाराला चाचणी आणि प्रमाणपत्राची सोय शासनाने जवळ आणून दिली नाही, तर त्या याद्या बड्या भांडवलदारांच्याच कामी येतील.

विमानात बसतो तो शेतकऱ्या-कामकऱ्याचाच मुलगा असतो. हिशेब मागणे हा त्याच्याशी द्रोह नव्हे. हिशेब दडविणे हा द्रोह आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या खासदाराला गाठून एकच विचारावे: लोकलेखा समितीपुढे ही खतावणी केव्हा येणार?