कुपवाडकरांनो, जहाज सुटताना केबिनमध्ये बसू नका

दिवाळीच्या सुटीत किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुंबई–गोवा क्रूझ करायची, असे बेत आता कुपवाड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. जरूर जा. फक्त एक ऐका. जहाज धक्क्यावरून हललं की पहिला दीड तास वरच्या उघड्या डेकवर काढा. केबिन, बुफे आणि पोहण्याचा तलाव गोव्यापर्यंत तुमच्यासोबतच असतो. मुंबई बंदर मात्र थोड्याच वेळात मागे पडतं आणि ते बघायला जहाज परत वळत नाही.

या बंदराशी आपला काय संबंध, असं म्हणू नका. तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद, आपल्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग असा कितीतरी माल न्हावाशेव्याहून परदेशी जातो. इथून कंटेनर ट्रकवर चढलेला आपण पाहतो. तो पुढे जहाजावर कुठे चढतो, हे डेकवरून दिसतं.

आधी बाजू समजून घ्या. प्रवासी जहाजं बॅलार्ड पिअरवरून सुटून दक्षिणेकडे निघतात. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजव्या हाताला शहर आणि डाव्या हाताला बेटं आणि उरणचा किनारा. उजव्या बाजूला आधी नौदलाची गोदी लागते. मग गेटवे ऑफ इंडिया आणि त्याच्या बाजूला ताजमहाल हॉटेल. ताज 1903 मधलं, गेटवे 1924 मधला. म्हणजे ताजमध्ये उतरलेल्या पाहुण्यांनी एकवीस वर्षं गेटवेशिवायचा समुद्र पाहिला. पुढे कुलाब्याचा ससून डॉक, मासळीचा मोठा बाजार. मुंबईचं टोक संपतं तिथे खडकावर 1875 मध्ये बांधलेलं प्राँग्ज दीपगृह.

डाव्या बाजूला तेलाच्या टाक्या असलेलं जवाहर द्वीप आणि त्याच्या मागे हिरव्या टेकड्यांचं घारापुरी. हवा स्वच्छ असेल तर मागे उत्तरेला 2024 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूची लांब रेघ दिसते. घारापुरीच्या पुढे न्हावाशेव्याच्या उंच क्रेन. हे बंदर 1989 पासून चालू आहे. मुलांना तिथे बोट दाखवून सांगा की आपल्याकडचा माल इथून जातो.

आता उजेडाचं गणित. जहाज दुपारनंतर सुटत असेल तर सूर्य शहराच्या मागे असतो. तेव्हा गेटवेचे फोटो काळेच येणार. म्हणून ऊन आहे तोवर डाव्या बाजूला थांबा, घारापुरी आणि क्रेनवर समोरून प्रकाश पडलेला असतो. सूर्य बुडाला की उजवीकडे या, शहराचे दिवे लागलेले असतात. सगळे प्रवासी सुरुवातीलाच शहराच्या बाजूला गर्दी करतात, त्यामुळे डावीकडे कठड्याशी जागाही मिळते. पावसाळा संपल्यावर हवा धुतलेली असते, थंडीत धुरकट. निवड करता येत असेल तर ऑक्टोबर बरा.

गोव्याकडे वळल्यावर डाव्या हाताला थळच्या समोर खांदेरी येतं. अंधार पडला असला तर दीपगृहाच्या उघडझापीवरून ओळखा. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अडवायला आले. मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी लहान, चपळ होड्यांच्या बळावर बेट राखलं. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपला शेजारी पन्हाळा आहे, तसं हे खांदेरीही आहे. पन्हाळ्याला आपण सहलीला कितीदा जातो, खांदेरी जमलं तर असं जाता जाता बघून घ्या.

काही गोष्टी कटाक्षाने पाळा. सुटण्याआधी जहाजावर मस्टर ड्रिल होतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत. ते टाळू नका. 2012 मध्ये इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. रोमजवळच्या बंदरात चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घेण्याचा नियम झाला. नौदलाच्या गोदीचे आणि युद्धनौकांचे फोटो काढू नका, ड्रोन तर नेऊच नका. मुलांना कठड्यावर चढू देऊ नका. डेकवर वारा जोराचा असतो, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि कानटोपी हाताशी ठेवा. बंदराबाहेर पडलं की जहाज डुलायला लागतं. ज्यांना एसटीतही मळमळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी आणि क्षितिजाकडे बघत बसावं.

क्रूझचं तिकीट खिशाला जड वाटत असेल तर मन मोडू नका. हेच बंदर स्वस्तातही बघता येतं. रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघा, सकाळी सीएसएमटी. तिथून भाऊच्या धक्क्यावर जाऊन मांडव्याची रो-रो धरा. 2020 पासून ही बोट गाड्यांसह माणसं नेते आणि साधारण तासाभरात पोचवते. वर मोकळ्या डेकवर बसलात की तीच बेटं आणि तोच गेटवे दिसतो. सकाळच्या बोटीवरून तर सूर्य पूर्वेला असतो, त्यामुळे शहर उजळलेलं मिळतं. संध्याकाळच्या क्रूझवाल्यांना ते मिळत नाही. मांडव्याहून अलिबाग करून त्याच दिवशी परत येता येतं.

घारापुरीला जायचं असेल तर गेटवेहून लाँच आहे. लेणी सोमवारी बंद असतात. लाँचमध्ये पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागा आणि अंगात घाला, उकडलं तरी. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 जीव गेले. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका, शेजारचा हसला तर त्यालाही घालायला लावा.

तेव्हा बुकिंग करताना एजंटाला केबिनला खिडकी आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा की जहाज किती वाजता सुटतं आणि त्या वेळी कोणता डेक उघडा असतो. त्याची उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि सुटायच्या अर्धा तास आधी घरच्या सगळ्यांना घेऊन वर जा. जेवण नंतरही मिळतं.