मनगटाचं दुखणं अंगावर काढू नका

ओल्या मोरीत पाय घसरला की आपण आधी हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. मग एक्स-रे निघतो, ‘हाड मोडलेलं नाही’ असं कळतं, आणि आपण हळदीचा लेप लावून पुन्हा कणीक मळायला मोकळ्या! पण मैत्रिणींनो, एक्स-रेत दिसतात ती हाडं. मनगटातल्या 8 छोट्या हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध त्यात दिसत नाहीत.

ते पाहायला सोनोग्राफी उपयोगी पडते. हो, सोनोग्राफी काही फक्त गरोदरपणातच करतात असं नाही! मनगटावर जेली लावून छोटं यंत्र फिरवतात. त्यात क्ष-किरण नसतात. तपासताना मूठ वळायला सांगतात, म्हणजे हाडांमधली फट रुंदावते का ते तिथल्या तिथे कळतं. चांगल्या हाताशी ताडूनही पाहता येतं.

मात्र खोलवरचे अस्थिबंध तिला नीट दिसत नाहीत. म्हणून अहवाल चांगला येऊनही दुखणं राहिलं, तर एमआरआय किंवा दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

कपडे पिळताना कळ येते? पकड सैल वाटते? मनगटात ‘कट्’ असा आवाज होऊन दुखतं? मग चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तुटलेला अस्थिबंध तसाच राहिला, तर पुढे काही वर्षांनी सांधा झिजतो. घरात कुणाला साधी शिंक आली तरी आपण धावतो. आपल्या हातासाठीही एक दिवस काढायला हवा, नाही का?