गाडीला भोक पाडायचे नाही

गेल्या दिवाळीच्या सुटीत कोणी काय वाचले, असे सरांनी वर्गात विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी खरे तेच सांगितले. वाचन बेताचेच झाले. सुटी लोखंडी पट्ट्या कापण्यात गेली. वर्गात हशा पिकला. मराठी विषय घेतलेल्या मुलाने हाती करवत आणि कानस धरावी, हे आपल्याला अजूनही चमत्कारिक वाटते. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. परंतु त्या पट्ट्या कापता कापता माझे एक मत बनले, आणि ते केवळ लोखंडापुरते नाही, म्हणून येथे मांडतो.

आमच्या घरी १९७२ सालची महिंद्राची जीप-पिकअप आहे. पुढे जीपचे तोंड, मागे उघडा हौदा. अमेरिकेतल्या विलिस जीपची जुळणी महिंद्राने १९४७ साली सुरू केली, त्याच कुळातली ही गाडी. विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्याच्या धंद्यासाठी आजोबांनी ती घेतली. आज काका तोच धंदा चालवतात. पाइपपाने, चेनकप्पी, दोर, जॅक, पाण्याचा कॅन असे सारे सामान हौद्यात मोकळे पडलेले असे. खडबडीत वाटेवर ते फाळक्यावर आपटे आणि हवा तो पाना वेळेवर कधी हाती लागत नसे. सामानाला पेटी हवी, खण हवेत, कॅनला बैठक हवी, याविषयी घरात दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता की, ते बसवायचे कसे?

हा प्रयोग पूर्वी एकदा झाला होता. एका वर्कशॉपने अर्ध्या दिवसात पत्र्याची पेटी हौद्याच्या तळाला वेल्डिंग करून कायमची चिकटवून दिली. काम झटपट झाले म्हणून आम्ही सगळेच खूष होतो. तीन पावसाळे गेले. पेटीखाली पाणी साचत होते, पण ते कोणाला दिसण्याची सोयच नव्हती. वेल्डिंगच्या उष्णतेने तेथील रंग जळालेला; गंजाने नेमकी तीच जागा धरली. शेवटी पेटी कापून काढावी लागली, आणि तिच्याबरोबर तळाचा वीतभर पत्राही गेला. आजोबा त्या भोकातून खालची जमीन पाहत कितीतरी वेळ उभे होते. बोलले काहीच नाहीत.

या खेपेस गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी मला हाताशी घेतले. "लोखंडाला नंतर हात लाव, आधी पुठ्ठा आण," ते म्हणाले. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आम्ही प्रत्येक ब्रॅकेटचा नमुना केला. जागेवर धरून पाहिला, दुमडला, पुन्हा कापला. चूक पुठ्ठ्यावर झाली तर फुकट, पट्टीवर झाली तर पदरचे पैसे. मग कंपनीने गाडीला मुळातच ठेवलेली भोके हुडकून मोजली. एका ठिकाणी भोक सोयीचे नव्हते, म्हणून मी उत्साहाने ड्रिल उचलले. मिस्त्रींनी ते माझ्या हातून काढून घेतले. चॅसिसच्या चॅनेलला वरच्या आणि खालच्या काठावर सर्वांत जास्त ताण येतो; तेथे भोक पाडले की तडा तेथूनच सुरू होतो. "गाडीला भोक पाडायचं नाही, पोरा. भोक तुझ्या पट्टीला पाड. ती वाकव, लांबव, काय वाटेल ते कर."

मग ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या वाकवल्या. जुन्या जीपचे बोल्ट इंची मापाचे. पाच-सोळांश इंची आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण आटे निराळे. मी जोर लावून एक नट वाया घालवला, तेव्हा हे समजले. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचे रबर घातले. पेटीच्या बुडाला पाणी निथळण्यासाठी भोके ठेवली, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. जड सामान तळाशी आणि मागच्या आसाच्या पुढे येईल असे खण पाडले. अर्ध्या दिवसाच्या कामाला पाच दिवस लागले. पण आज चार बोल्ट सोडले की संपूर्ण पेटी उचलून बाहेर काढता येते आणि खालचा पत्रा पाहता येतो.

एक मित्र म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीला हातच लावू नये, शोभेची ठेवावी." २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, मात्र ती मग रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दुसरा म्हणाला, "मालवाहू गाडी ती, हवी तशी कापा." मला दोघांचेही पटत नाही. पहिल्याचे ऐकले तर काकांचे पोट चालणार कशावर? दुसऱ्याचे ऐकले तर पुढे माझ्या धाकट्या भावाला ती मूळ रूपात जपावीशी वाटली, तरी त्याच्या हाती काय उरणार? बोल्टने बसवलेली पेटी आजची गरज भागवते आणि उद्याचा निर्णय उद्याच्या माणसासाठी ठेवते. गेलेला वीतभर पत्रा मात्र परत येत नाही.

आपल्या शाखेत तरी याहून निराळे काय आहे? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९३३ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. संपादकांनी एक पाठ निवडला, पण उरलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत छापले. पुढच्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय तपासता येतो. उलट गावोगावच्या दगडी देवळांवर आपण भक्तिभावाने ऑइलपेंट चढवतो, गाभाऱ्यात फरशा बसवतो. हेतू वाईट नसतो. आमच्या वर्कशॉपवाल्याचाही नव्हता. परंतु आपली भर उद्या कोणाला काढता येईल का, हा प्रश्न तेथे कोणी विचारलेला नसतो.

जुन्यात भर घालूच नये, असे मी म्हणत नाही. जरूर घालावी. मात्र वाकायचे ते नव्याने, आणि भोक पडायचे ते नव्याला. हे मला पुस्तकाआधी पट्टीने शिकवले, याची मला लाज वाटत नाही. हसणाऱ्या मित्रांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. येत्या सुटीत कॅनची बैठक करावयाची आहे. पुठ्ठा माझ्याकडे आहे. येताना अर्ध्या इंची पाना तेवढा आणावा.