वॉटचा आकडा आणि शरीराचा हिशेब

पुण्याहून सिंहगडाकडे किंवा नाशिकहून कसारा घाटाकडे पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले बरेच जण दिसतात. वेग आणि अंतर मोजून झाले की अनेकांची नजर पॉवर मीटर पेडलकडे वळते. वस्तू महाग असते आणि जाहिरातीत भर असतो अचूकतेवर. निवड करताना पहिला विचार मात्र गुडघ्याचा हवा.

या पेडलच्या आसाजवळ ताण मोजणारे बारीक घटक बसवलेले असतात. पायाने दाब दिला की आस किंचित वाकतो. त्यावरून जोर कळतो. त्याला क्रँकची लांबी आणि फिरण्याचा वेग यांची जोड दिली की वॉटमधली शक्ती मिळते. जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकवर बसणारे पॉवर मीटर तयार केले. पेडलमागचे तत्त्वही तेच.

पेडलवर बूट अडकतो तो तळाच्या क्लीटमुळे. काही क्लीट पाय अजिबात वळू देत नाहीत, काही थोडी मोकळीक देतात. शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारात लाल क्लीटला मोकळीक शून्य, निळ्याला २ अंश आणि पिवळ्याला ६ अंश. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तरी तासाभरात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. पाय चुकीच्या कोनात जखडला असेल, तर दुखणे ठरलेलेच. म्हणून सवयीच्या, न दुखणाऱ्या क्लीटशी जुळणारेच पेडल घ्यावे.

दुसरा प्रश्न, एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे? एका बाजूचे पेडल बहुधा डाव्या पायाची शक्ती मोजून ती दुप्पट करते. रोजच्या सरावाला ते पुरते. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याचा एक पाय कमजोर असू शकतो. दोन्ही पाय मिळून २०० वॉट देत असताना डाव्याचा वाटा ९० असेल, तर पडद्यावर १८० दिसतील. अशांनी दोन्ही बाजूंचे पेडल घेणे योग्य.

अचूकता वापरणाऱ्याच्या हातातही असते. क्रँक १७० मिलिमीटरचा असताना १७२.५ नोंदवला, तर आकडा सुमारे दीड टक्क्याने फुगतो. जाहिरातीतली एक टक्क्याची अचूकता तिथेच संपते. तापमान बदलले की शून्य पुन्हा जुळवावे लागते.

सगळे नीट बसवले, तरी वॉट सांगतो तो फक्त झालेल्या कामाबद्दल. त्यासाठी शरीराने काय मोजले, हे त्यात नसते. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते. म्हणजे पेडलवर २०० वॉट दिसताना शरीरात ६०० ते ८०० वॉट उष्णता तयार होते. दमट हवेत घाम सुकत नाही, ही उष्णता बाहेर पडत नाही आणि त्याच २०० वॉटसाठी हृदयाचे ठोके वाढत जातात. कालचा आकडा आज गाठायचाच, हा हट्ट अशा वेळी महागात पडतो. वॉटसोबत नाडीही पाहावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी मात्र औषधाने दबलेली असते. त्यांनी केवळ तिच्यावर विसंबू नये. दम किती लागतो, बोलता येते का, हेही पाहावे.

पेडल घरी आले की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात २० मिनिटे जीव तोडून चाचणी देतात. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले, तर तिथेच थांबून तातडीने रुग्णालय गाठावे. चाचणी पुढच्या महिन्यातही देता येते.